अकरा पानांची सृष्टीकथा, आणि पान तीनवर सगळे मोबाइलमध्ये

अर्धा_डीएम, नाशिक
रात्री 11:48

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आमचं डी अँड डीचं (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन फाशांवर गोष्ट खेळायचा खेळ) टेबल नाशिकचं. एक रविवार सोडून एक रविवार, गंगापूर रोडला मावसभावाच्या क्लासच्या खोलीत. दहावीची पोरं दोनला सुटतात, आम्ही बाकं जोडतो, फळ्यावरचं त्रिकोणमितीचं गणित पुसतो आणि त्यावर इनिशिएटिव्हची, म्हणजे लढाईत कोणाची पाळी आधी याची, यादी लिहितो. खेळाडू पाच. मावसभाऊ स्वतः (पात्र रोग, म्हणजे चोर; दुसरं काही खेळतच नाही), एक दातांची डॉक्टर (क्लेरिक, म्हणजे देवाच्या ताकदीनं जखमा भरणारं पात्र), अंबडच्या कारखान्यातला मित्र, ज्याची शिफ्ट बदलली की आमचं सेशन बदलतं, इंजिनिअरिंगचा एक पोरगा जो गणपतीत ढोल पथकात असतो म्हणून भादव्यात मिळत नाही, आणि गेल्या दिवाळीपासून माझी वहिनी. वहिनी "नुसती बघायला" आली होती. आता सगळ्यांत आधी कुऱ्हाड तीच काढते.

दोन वर्षं विकतच्या कॅम्पेन, म्हणजे तयार कथामालिका, खेळलो. आता स्वतःचं जग करायला घेतलंय, नाव "कातळ". काळ्या दगडाचं, पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगरांचं. पावसाळ्यात त्र्यंबकच्या बाजूला गेलेल्याला लगेच ओळखू येईल. ड्रॉइंग शीटवर नकाशा काढला: दोन नद्या, सात शहरं, आणि उत्तरेला एक डोंगररांग. ती का आहे विचाराल तर कागदाचा तो कोपरा मोकळा दिसत होता म्हणून.

मग सृष्टीकथा लिहायला बसलो. तीन आठवडे लिहीत होतो. आधी शून्य, शून्यात नाद, नादातून सात देव, प्रत्येकाचं एकेक तत्त्व, मग देवांची फाटाफूट, मग चार युगं, तिसऱ्यात प्रलय. अकरा पानं झाली. पाच प्रती काढल्या, स्पायरल बाइंडिंग केलं. झेरॉक्सवाल्यानं विचारलं, "सबमिशन का?" मी हो म्हणालो.

गेल्या रविवारी वाचून दाखवली. पान तीनवर शिफ्टवाला मोबाइलमध्ये. पान चारवर ढोलवाला बाकावर बोटांनी ठेका धरून बसलेला. पान सहावर डॉक्टरनं हात वर केला: "सगळं मस्त आहे रे, पण मला जखमा भरायची ताकद यातला कोण देतो? आणि सकाळी उठून मी त्याच्यासाठी करायचं काय?" अकरा पानांत याचं उत्तर नव्हतं. मी पानं उलटीपालटी करून बघितली. नव्हतंच. वहिनी म्हणाली, "भावजी, हे सत्यनारायणाच्या पोथीसारखं चाललंय, फक्त प्रसाद नाही."

तर सांगा. कथा टेबलावर किती आणायची, आणि कधी? दुसरं, आपल्या गोदावरीची गोष्ट आत घ्यावीशी वाटते, पण ती घरातली गोष्ट आहे. वहिनी श्रावणात ब्रह्मगिरीची, म्हणजे गोदावरीच्या उगमाच्या डोंगराची, फेरी करते. तिच्यासमोर त्याच गोष्टीचा खेळ मांडायला जीव धजत नाही. आणि तिसरं, खरं काय घडलं हे डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, आधी ठरवून ठेवायलाच पाहिजे ना? माझं मत, पाहिजे.


वीसपैलू, पुणे
रात्री 12:20

अकरा पानं फाडू नका. गादीखाली ठेवा आणि त्यावर झोपा.

हे दुखणं सगळ्यांना होतं. माझं पहिलं होमब्रू, म्हणजे घरी रचलेलं, जग अंड्यातून निघालं होतं. ऋग्वेदातलं हिरण्यगर्भ सूक्त वाचून डोक्यात वारं शिरलेलं. सोन्याचं अंडं, त्याचं टरफल म्हणजे आकाश, बलक म्हणजे जमीन, सगळं एका फाइलमध्ये. वर्षभर खेळलो, एकाही खेळाडूला पत्ता नाही. मग वैतागून एका गावात एवढंच ठेवलं की इथं अंडं फोडायला बंदी आहे, फोडलं तर हात कापतात. त्या दिवशी पोरं लढाईबिढाई सोडून दोन तास चोरून ऑम्लेट कुठं मिळतं हे शोधत होती. खानावळवाल्याला लाच दिली. पहाटे तळघरात तवा तापवला. टरफलाचं काय करायचं यावर त्यांच्यातच भांडण लागलं, आणि तेव्हा कुठं एकानं विचारलं, "पण अंड्याचं एवढं काय आहे यांना?" तिथं मी फाइल उघडली. चार ओळी सांगितल्या, बास.

तेव्हा आधी बंदी, सण, शिवी, शपथ यातलं एक काहीतरी टेबलावर ठेवा. गोष्ट मागितल्याशिवाय द्यायची नाही.

डॉक्टरांचा प्रश्न मात्र सोन्याचा आहे. डी अँड डी 1974 साली आलं तेव्हा त्यात मुळात जगच नव्हतं, नियमांची तीन छोटी पुस्तकं होती, जग ज्यानं त्यानं आपलं करायचं. ग्रेग स्टॅफर्डचं ग्लोरँथा हे कल्पित जग उलट्या बाजूनं आलं. त्यानं 1966 पासून आधी पुराणकथा लिहिल्या आणि खेळ, म्हणजे रुनक्वेस्ट, 1978 मध्ये त्या जगात आला. तिथली पात्रं विधी करून पुराणकथेच्या आतच शिरतात, देवानं जे केलं ते स्वतः करून बघतात, आणि तिथं चुकलं तर परत आल्यावर गावाला भोगावं लागतं. तुमच्या नाद-शून्यात शिरून कोणी करणार काय? उभं राहायला जमीन नाही तिथं.


मातीची_वीट, नाशिक
सकाळी 9:05

वीसपैलूंशी सहमत, पण मला वाटतं तुमचं खरं दुखणं लांबीचं नाहीये. तुमच्या सात देवांपैकी एकालाही काही हवं नाहीये. भूक नाही, झोप नाही, देणं नाही, हेवा नाही. मग गोष्ट हलणार कशी?

मी इतिहासाची विद्यार्थिनी, त्यामुळे उदाहरण मेसोपोटेमियाचं देते. अत्राहासिस म्हणून एक काव्य आहे, आपल्याकडे पोचलेल्या जुन्या, मातीवर कोरलेल्या पाट्या इसवी सनापूर्वी सतराव्या शतकातल्या. त्यात माणूस का घडवला? तर संप झाला म्हणून! मोठ्या देवांनी चिठ्ठ्या टाकून वाटणी केली, आकाश अनूला, जमीन एन्लिलला, पाणी एन्कीला. खोदकाम आलं धाकट्या देवांच्या वाट्याला. टायग्रिस आणि युफ्रेटिस या नद्या त्यांनीच खोदल्या म्हणे. एक दिवस ते वैतागले, फावडी-पाट्या पेटवून दिल्या आणि मध्यरात्री एन्लिलच्या दाराला वेढा घातला. एन्लिलला रडू फुटलं. शेवटी तोडगा निघाला, काम करायला कोणीतरी दुसराच बनवू. त्यासाठी एका देवाला मारलं, ज्याच्याकडे बुद्धी होती अशाच देवाला. त्याचं रक्तमांस मातीत कालवलं, बाकीचे देव त्या चिखलावर थुंकले, आणि त्यातून आपण.

यात एक ओळ आहे, त्या मांसामुळे पुढे सदैव ढोल ऐकू येत राहो, अशा अर्थाची. काही अभ्यासकांच्या मते तो ढोल म्हणजे हृदयाचा ठोका. नाशिकच्या माणसाला ढोलाबद्दल आणखी काय सांगायचं. पुढे माणसं इतकी वाढतात आणि इतका गोंगाट करतात की एन्लिलची झोप उडते, म्हणून तो रोगराई, दुष्काळ आणि शेवटी महापूर पाठवतो. प्रलयाचं कारण काय, तर शेजाऱ्यांचा आवाज. याहून घरगुती देव मला माहीत नाही.

आता आपली त्र्यंबकची गोष्ट याच नजरेनं बघा. दुष्काळ, एकट्या गौतमाच्या शेतात धान्य, बाकीच्या ऋषींच्या पोटात दुखणं, शेतात घुसवलेली गाय, गौतमानं दर्भाची काडी मारून हाकलली तर ती मेलीच. पाप, तप, शंकरानं ब्रह्मगिरीवर आपटलेली जटा. आणि मग नदी येते तीही धड नाही, दिसते आणि लपते, दिसते आणि लपते. शेवटी गौतम कुश गवतानं तिला अडवतो, तेच त्र्यंबकचं कुशावर्त कुंड. शेत, हेवा, आळ, कर्ज आणि पळून जाणारी नदी. तुम्हाला यातलं एकही नाव घ्यायची गरज नाही, गौतम नको, गाय नको. "आमची नदी पळून जाते, तिला बांधून ठेवायला लागतं" एवढं एक वाक्य कातळमध्ये आणा. वहिनींना कुठून आलं ते कळेल आणि राग येणार नाही, असं मला तरी वाटतं. राग नावांची टिंगल झाली की येतो.

तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ नाही असं आहे. नासदीय सूक्त सातच ऋचांचं आहे. ही सृष्टी कुठून झाली, जो परम आकाशात तिचा अध्यक्ष आहे तो जाणत असेल, किंवा तोही जाणत नसेल, असं म्हणून ते संपतं. ऋग्वेदाचं दहावं मंडल जिथं हात वर करतं तिथं गंगापूर रोडच्या डीएमनं कशाला छातीठोकपणे सांगायचं?


पाटकरी, सटाणा
दुपारी 2:40

राम राम. मी खेळत नाही. पुतण्या खेळतो, त्याच्याच लॉगिनवरून वाचतो कधीमधी. पण ताईंनी देवांचा संप लिहिला ते वाचून राहवेना.

देवांनी नदी खोदली म्हणता. खोदणं एकदाच असतंय. माणूस मोडतो तो गाळानं.

आमचं मोसम खोरं. फड पद्धत ऐकली असेल. नदीत दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि शिवाराचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. मोसम, आरम, गिरणा, पांझरा, या नद्यांवर तीन-चारशे वर्षं असं चालत आलं. पाणी सोडणार तो पाटकरी, पीक राखणार तो जागल्या. माझा बाप पाटकरी, मी पाटकरी. फावडं खांद्यावर आणि कंदील हातात, रात्रीची पाळी. पाणी चारीत शिरलं की आवाज बदलतो, त्याच्यावरून अंधारात कळायचं किती चाललंय. दिवसा माणूस डोळ्यानं बघून फसतो, रात्री कान फसत नाही.

तर पाऊस सरला की पाट गाळानं भरलेला. सगळ्या गावानं उतरायचं. ज्याचं जितकं शेत तितका त्याचा तुकडा. गुडघाभर चिखल, पाटी भरायची, वरच्याच्या हातात द्यायची, त्यानं भरावावर टाकायची. पहिल्या दिवशी सगळे हसतात. तिसऱ्या दिवशी कोणी बोलत नाही. आणि दरवर्षी एक भांडण ठरलेलं, गाळ टाकायचा कुठं. ह्याच्या बांधावर टाकला तर तो ओरडतो, त्याच्या बांधावर टाकला तर तो. माती सोन्यासारखी असली तरी दुसऱ्यानं टाकली म्हणजे नको.

तुमच्या देवांनी संप केला असेल तर तो खोदायला लावलं म्हणून नसेल. खोदून झालं, निजायला गेले, आणि दुसऱ्या वर्षी परत बोलावणं आलं, तेव्हा केला असेल. एवढंच सांगायचं होतं.


शिवेवरची_शाळा, सुरगाणा
संध्याकाळी 6:15

पाटकरी काका, तुमची पोस्ट उद्या सातवीच्या पोरांना वाचून दाखवणार आहे.

अर्धा_डीएम, मी इकडे आश्रमशाळेत शिकवते. तुमचा दुसरा प्रश्न वाचून एक गोष्ट टोचली. तुम्हाला गोदावरीची गोष्ट घेताना संकोच वाटला, कारण वहिनी समोर बसलेली असते. पण फेसबुकच्या ग्रुपांवर मी किती तरी होमब्रू जगं बघते ज्यांत "जंगलातली टोळी" असते, त्यांचा वाघ-देव असतो, त्याला इतके हिट पॉइंट (जीव किती ते), आणि तिसऱ्या लेव्हलला पार्टी, म्हणजे खेळाडूंची पात्रं, त्याला मारते. तिथं कोणालाच संकोच वाटत नाही, कारण त्या टेबलावर आमच्याकडचं कोणी बसलेलं नसतं.

आमच्याकडे शिवेवर वाघदेव असतो, लाकडात नाहीतर दगडात कोरलेला. वाघ, वर चंद्र आणि सूर्य, कधी नाग. वाघबारशीला गुराखी पोरं तिथं जमतात. माझ्या वर्गातल्या मुलाला विचारलं, वाघदेव काय करतो रे, तर म्हणाला, "तो तिकडचा तिकडं राहतो, आम्ही इकडचे इकडं." मला ही सगळ्यात नेमकी व्याख्या वाटली. करार आहे तो. मारण्याचा राक्षस नाही आणि हात जोडून मागण्याचा दाताही नाही, हद्द पाळणारा शेजारी आहे.

घ्यायचंच असेल तर गोष्टीची ही बांधणी घ्या, चेहरा आणि नाव आमचं उचलू नका. आणि तुमच्या जगात तीन ठिकाणची माणसं तीच गोष्ट तीन प्रकारे सांगू देत. वारली लग्नात धवलेरी बाई गाते, बोहाड्यात सोंगं मुखवटे घालून नाचतात, भगत घांगळीवर कणसरीचं, म्हणजे धान्यदेवीचं, गाणं म्हणतो. कोणी पान तीन उघडा म्हणत नाही. लग्नातली गोष्ट वेगळी निघते, कापणीतली वेगळी. कोण सांगतंय आणि कशासाठी, त्यावर देव बदलतो.


अर्धा_डीएम, नाशिक
रात्री 10:30

दिवसभर ऑफिसात काम कमी आणि हेच जास्त वाचलं.

शिवेवरची_शाळा, टोचलं ते बरोबर टोचलं. माझ्या अकरा पानांत पान नऊवर "अरण्यवासी" नावाचा परिच्छेद आहे. आता तो काय लायकीचा आहे ते दिसतंय. काढला.

वीसपैलूंचं अंडं वाचल्यापासून डोक्यात दुतोंड्या मारुती आहे. बाहेरच्यांसाठी: रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रातच उभी मूर्ती आहे, दोन्हीकडे तोंड असलेली. पावसाळ्यात गंगेला (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) पूर आला की अख्खं नाशिक एकच विचारतं, मारुतीला कुठंपर्यंत लागलं? गुडघ्याला म्हणजे रोजचं. कमरेला म्हणजे बघायला जायचं. छातीला म्हणजे सराफ बाजारातली दुकानं उचलायला लागायची. गळ्याला लागलं की आई फोन करते. 2008 च्या पुरात मी बारावीत होतो, काकांच्या दुकानातली खोकी माडीवर चढवत होतो, आणि कोणीतरी ओरडत आलं, मारुती दिसत नाही. क्युसेकचा आकडा कोणी सांगितला नाही, कोणी विचारलाही नाही.

तिथंच काठावर नारोशंकराचं देऊळ, त्याची ती मोठी घंटा. मराठ्यांच्या वसईच्या मोहिमेतून आलेली, म्हणजे मूळची पोर्तुगीजांची. पाणी घंटेला लागलं म्हणजे महापूर, हे आजी सांगायची. आता विचार करा, परक्यांच्या किल्ल्यातली घंटा महादेवाच्या देवळात येऊन पूर मोजते. मी तीन आठवडे बसून असं काही रचलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, अती होतंय.

आणि मी बावळटासारखा नादातून देव काढत होतो.

मातीची_वीट, "दर्भ" नाही, "गाय" नाही, फक्त पळणारी नदी, हे पटलं. पण तिसऱ्या प्रश्नावर अजून अडलोय. खरं काय ते मलाच माहीत नसेल तर खेळाडूंनी खोदत खोदत तळ गाठल्यावर मी दाखवू काय? "नेति नेति" म्हणून पिझ्झा मागवू? काहीतरी ठरवणार. रविवारनंतर सांगतो.


वीसपैलू, पुणे
रात्री 10:41

तळ गाठेपर्यंत एकाची बदली होते, एकाचं लग्न होतं. अनुभवानं सांगतो. खुशाल न ठरवता चाला.


अर्धा_डीएम, नाशिक
रविवार, रात्री 11:15

झालं सेशन. हात अजून थरथरतोय, थोडा चहानं, थोडा आनंदानं.

अकरा पानांच्या नऊ ओळी केल्या. वहीच्या पानावर, आणि पान खिशात. वाचून दाखवलं काहीच नाही. पहिलं वाक्य एवढंच: "तुम्ही गावात शिरता तेव्हा सगळं गाव पाटात उतरलंय, आणि कोणी न बोलता तुमच्या हातात एकेक पाटी देतं." (काका, "तिसऱ्या दिवशी कोणी बोलत नाही" हे तुमचं वाक्य जसंच्या तसं ढापलं.) पाहुणा असो की राजा, गाळाची पहिली पाटी प्रत्येकानं उचलायची. उचलण्याआधी ओला हात छातीवर, तीन ठोके मोजायचे.

ढोलवाल्यानं ते तीन ठोके बाकावर वाजवले. धाड, धाड, धाड. मग सेशनभर प्रत्येक वेळी वाजवले, मी न सांगता. शेवटी शेवटी कोणी मरायला टेकलं की सगळी खोली त्या तीन ठोक्यांची वाट बघत होती. खालच्या मजल्यावरचे जोशी, नाही, नाव नको, खालचे काका वर येऊन गेले. मी म्हणालो एन्लिल आला. कोणाला कळलं नाही, माझं मला हसू आलं.

शिफ्टवाल्याच्या पॅलाडिननं, म्हणजे शपथबद्ध योद्ध्यानं, पाटी नाकारली. मोठ्या घराण्यातला ना तो. गावानं काही केलं नाही. फक्त रात्री त्याच्या लोट्यात कोणी पाणी घातलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्वतः पाटात उतरला. मोबाइल? एकदाही नाही. तीन तासांत एकदाही नाही!

डॉक्टरला उत्तर मिळालं. तिची क्लेरिक पहाटे पाटात हात बुडवते, बोटांना लागेल तेवढाच गाळ डबीत भरते, दिवसभराच्या जखमांना तेवढाच. जखम भरते, पण भरलेल्या माणसाला त्या रात्री स्वतःच्या ठोक्याशेजारी दुसरा एक ठोका ऐकू येतो. हे मी तिथल्या तिथं बोलून गेलो, नऊ ओळींत नव्हतं. मावसभावाचा रोग पहिल्यांदाच काही न चोरता जागा राहिला.

मग कोणाचा ठोका, हा प्रश्न आला. गोष्ट मागितली गेली, म्हणून दिली. देवांनी पाट खोदले, दर वर्षी गाळ आला, देवांनी फावडी टाकली, मग त्यांच्यातल्या एकाला मारून त्याच्या रक्तात गाळ कालवला आणि माणूस केला. पुजारी सांगतो, तो देव स्वतः पुढे आला.

खोली शांत. आणि वहिनी म्हणाली, "त्याला विचारलं होतं का?"

मी पुजाऱ्याच्या तोंडून म्हणालो, पोथीत तसं लिहिलंय. ती म्हणाली, "पोथी कोणी लिहिली? जे वाचले त्यांनीच ना?" चाळीस मिनिटं यावरच गेली. गावाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या, पाणी शेवटी मिळणाऱ्या लोकांकडे ती गेली. त्यांची गोष्ट वेगळी निघाली: तो पुढे आला नव्हता, तो त्या दिवशी उशिरा उठला होता, म्हणून सापडला. वरच्या अंगाचे धनगर म्हणतात, मेलाच नाही, निम्मा पुरलाय, म्हणून तर नदी पळते. आता वहिनीची कुऱ्हाडवाली त्याला शोधायला निघाली आहे, माफी मागायला. पाच जणांत तीन मतं आहेत आणि मी अजून एकही खरं ठरवलेलं नाही. मातीची_वीट, हरलो.

ब्रह्मगिरीचं मी बोललो नाही. गाडीत बसताना वहिनीच म्हणाली, "पळणारी नदी घेतलीत ना. बरं केलंत." बास, एवढंच.

पुढच्या सेशनला रहाड आणायचा विचार आहे. जुन्या नाशकात रंगपंचमीला पेशवेकाळातल्या रहाडी उघडतात, वर्षभर बुजवून ठेवलेले हौद, पूजा करून उघडायचे, रंगाचं पाणी भरायचं आणि धप्पा मारायचा, की परत बंद. आपण वर्षभर ज्यावरून स्कूटर नेतो त्याच्याखाली ते असतं. कातळच्या राजधानीत भरचौकात असा एक बुजवलेला हौद, वर्षातून एक दिवस उघडणारा. आत रंग नसेल.


पाटकरी, सटाणा
सोमवार, सकाळी 6:50

वाचलं. पुतण्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं, घरात सगळ्यांनी ऐकलं. पॅलाडिन म्हणजे काय ते त्यानं सांगितलं, पाणी घातलं नाही ते बरोबर केलं गावानं.

एक राहिलं. माणूस करायच्या आधी देवांनी इतकी वर्षं गाळ काढला म्हणता. दर वर्षी काढला. तो टाकला कुठं?


अर्धा_डीएम, नाशिक
सोमवार, सकाळी 7:20

काका.

नकाशा समोर भिंतीवर आहे. उत्तरेच्या त्या डोंगररांगेला मी अजून नावच दिलेलं नाही.